दिवा पिवळा का पडतो? जुन्या गाडीच्या हेडलाइटचा छोटा इतिहास

मागच्या मे महिन्यात रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरले. बाबा न्यायला आले होते. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. चौक्याच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध गुरं बसली होती आणि ती बाबांना अगदी शेवटच्या क्षणी दिसली. ब्रेक लागला, गाडी थोडी घसरली, पण थांबली. कुंभारमाठ येईपर्यंत दोघंही गप्प होतो. घरी पोचल्यावर बाबांनी जाहीर केलं, "आता रात्रीची गाडी बंद. डोळे गेले माझे."

दुसऱ्या दिवशी उजेडात मी गाडीसमोर उभी राहिले. २००७ सालची एमएच-०७ पासिंगची छोटी गाडी. तिचे दोन्ही हेडलाइट हळदीच्या दुधासारखे दिसत होते, पिवळट आणि गढूळ. आतला बल्ब नीट दिसतसुद्धा नव्हता. म्हटलं, डोळे कुणाचे गेलेत ते आधी बघू.

तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाला सुरुवात करायच्या तयारीत आहात. विषय कसा सापडतो, प्रश्न कसा मांडायचा, साधनं कुठे शोधायची, हे तुम्ही विचारत असता. आज त्याचं उत्तर या पिवळ्या दिव्यावरून देते. माझा विषय तंत्रज्ञानाचा इतिहास आहे, त्यामुळे हे थोडं माझ्या अंगणातलंच आहे. पण पद्धत तुमच्याही कामाला येईल.

तीन गृहीतकं, तिन्ही घाईची

बाबांचं गृहीतक होतं की दोष डोळ्यांचा आहे. डोळे तपासले. चष्म्याचा नंबर किंचित बदलला होता, पण रात्री दिसू नये असं काही निघालं नाही.

त्याआधी एका गॅरेजवाल्याने वेगळं निदान केलं होतं की बल्बच कमी पडतोय. त्याने नेहमीचा ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १०० वॅटचा बसवून दिला होता. त्याने समोर काही जास्त दिसलं नाही. समोरून येणारे मात्र डिपर मारून शिव्या घालू लागले.

तिसरं गृहीतक माझं आणि आमच्या अख्ख्या वाडीचं. समुद्राची खारी हवा! मालवणात लोखंडाच्या खिडकीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत काहीही खराब झालं की दोष खाऱ्या हवेला जातो. मीही तेच धरून चालले. टूथपेस्ट घेतली, जुन्या बनियनच्या फडक्याने अर्धा तास दिवे घासले. फडकं पिवळं झालं आणि दिवे लखलखले. बाबा खूश झाले. "बघ, खारच होता तो."

गणपतीला घरी गेले तेव्हा दिवे पुन्हा पिवळे होते. चार महिनेसुद्धा टिकलं नव्हतं. खरं तर आता गढूळपणा आधीपेक्षा जास्त वाटत होता.

इथे जरा थांबूया. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होतं, असं नसतं. टूथपेस्टने दिवा चमकला, यावरून पिवळा थर खाराचा होता हे सिद्ध होत नाही. पेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात. त्यांनी वरचं काहीतरी घासून काढलं, एवढंच सिद्ध होतं. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हा माझा खरा प्रश्न होता.

अंगणातली तुलना

प्रयोगशाळा नसली तरी तुलना करता येते. आमची गाडी कित्येक वर्षं एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी असते. डावी बाजू फणसाच्या सावलीत असते, उजव्या बाजूला दुपारपासून ऊन. नीट बघितलं तर उजवा दिवा डाव्यापेक्षा बराच जास्त पिवळा होता. खारी हवा दोन्हीकडे सारखीच, ऊन मात्र सारखं नाही.

शेजारच्या गडग्यापलीकडे एक जुनी जीप आहे. माझ्या जन्माच्या आधीची. तिचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेत, पण गोल हेडलाइटची काच पुसली की अजूनही स्वच्छ. खड्यांचे चार टवके आहेत, पिवळेपणा नावाला नाही. आत डोकावलं तर वेगळंच दुखणं. उजेड पुढे फेकणारी चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, काळा पडून डागाळला होता.

म्हणजे बघा, त्याच हवेत एक दिवा बाहेरून गेला आणि दुसरा आतून. दोन्हींचा उजेड मंद, पण कारणं वेगळी. खारी, दमट हवा धातू खाते. काचेचं ती असं पिवळं पडणं करत नाही. मग आमच्या गाडीच्या 'काचेला' काय झालं?

हे मी आमच्या मेस्त्रीकाकांना विचारलं. ते हसले. "अगो बाय, काच खंयची? प्लॅस्टिक आसा तां!"

शब्द मागे राहतो

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी महिनाभर 'काच' हाच शब्द वापरत होते आणि विचारही काचेचाच करत होते. गॅरेजच्या बिलावर 'हेडलाइट काच' लिहितात, दुकानात 'काच आहे का' असंच विचारतात. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे वहीत लिहून ठेवावं. दप्तरात, बिलात, मुलाखतीत एखादा शब्द सापडला, तर त्या काळात तो नेमक्या कोणत्या वस्तूला लावत होते हे तपासा. नाहीतर १९७५ ची 'काच' आणि २०१० ची 'काच' एकाच रकान्यात टाकाल आणि निष्कर्ष पहिल्याच पानावर चुकेल.

शब्द सुटला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. काच जाऊन प्लॅस्टिक कधी आलं? ज्या वर्षी आलं, त्याच्या आधी हे दुखणं असूच शकत नाही. दुखण्यालाही जन्मसाल असतं आणि ते सापडलं की कारणही जवळ येतं.

दुखण्याचं जन्मसाल

गोष्ट १९५३ पासून सुरू होते. जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, या दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना जवळपास एकाच वेळी पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक, कणखर प्लॅस्टिक बनवलं. फॉक्स तर विजेच्या तारांच्या वेष्टणासाठी काही शोधत होता. पुढे बायरचं मॅक्रोलॉन आणि जनरल इलेक्ट्रिकचं लेक्सन या नावांनी ते बाजारात आलं. काचेच्या निम्म्याहून कमी घनतेचं, खडा लागला तरी सहसा न फुटणारं आणि साच्यात घालून हवा तो आकार देता येईल असं.

पण गाडीच्या हेडलाइटवर ते लगेच आलं नाही, कारण वाटेत नियम उभा होता. अमेरिकेत १९४० पासून सीलबंद दिव्याची सक्ती होती. सात इंची गोल दिवा, ज्यात तार, रिफ्लेक्टर आणि पुढची काच असं सगळं एकत्र बंद. तार जळली की अख्खा दिवा बदलायचा. म्हणजे तार गेली की काचही नवीच येत होती. शिवाय माप ठरलेलं असल्याने कोणत्याही कंपनीच्या गाडीला कोणत्याही दुकानातला दिवा बसायचा.

१९७० च्या दशकात तेल महागलं. वारा कापत जाणाऱ्या, उतरत्या नाकाच्या गाड्या हव्याशा झाल्या. उभा सपाट गोल दिवा त्यात अडसर. फोर्ड कंपनीने नियम बदलण्याची मागणी केली, १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने बल्ब वेगळा बदलता येणाऱ्या दिव्याला परवानगी दिली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीवर तो आला. दिव्याचा आकार आता गाडीच्या अंगाबरोबर वळू लागला. युरोपात प्लॅस्टिकचे दिवे १९९० च्या दशकात रुळले.

आपल्याकडे याच काळात काय होतं? सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्या वेळी इथल्या रस्त्यांवर दिसायच्या त्या अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, जीप. सगळ्यांचे दिवे गोल आणि काचेचे. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला, परदेशी कंपन्या आल्या, नवी मॉडेलं आली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्लॅस्टिकच्या दिव्यांच्या गाड्या घरोघरी पोचू लागल्या. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटकांच्या गाड्या वाढल्या, तारकर्ली-देवबागच्या उन्हात दिवसदिवस उभ्या राहू लागल्या. आमची २००७ ची गाडी या लाटेतलीच.

म्हणून जीपचा दिवा स्वच्छ आणि आमचा पिवळा. जीप वयाने मोठी असली तरी हे दुखणं तिच्या पिढीचं नाही.

उन्हाने नेमकं काय होतं?

रसायनशास्त्र थोडक्यात सांगते. पॉलिकार्बोनेट उन्हातले अतिनील किरण शोषतं. त्यामुळे त्याच्या रेणूंतले काही बंध तुटतात, काही वेगळ्या जागी जुळतात, हवेतला प्राणवायू त्यात शिरतो. नव्याने तयार होणारी काही संयुगं निळा प्रकाश गिळतात, म्हणून आपल्याला पृष्ठभाग पिवळा दिसतो. उष्णता आणि ओलावा या कामाला मदत करतात. बारीक वाळू आणि पुसण्याचे ओरखडे पृष्ठभाग आणखी खडबडीत करतात. खाऱ्या हवेचा हात असेलच तर तो असा, मदतनिसाचा.

कंपन्यांना हे माहीत असतं. म्हणून कारखान्यातून दिवा येतो तेव्हा त्याच्यावर अतिनील किरण अडवणारा कडक, पातळ लेप असतो. ऊन सोसत तो लेप झिजतो, ठिकठिकाणी सुटतो आणि मग खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं.

आता माझी टूथपेस्ट आठवा. पिवळा थर निघाला तेव्हा उरलासुरला लेपही निघाला. मी दिवा साफ केला आणि त्याची छत्रीही काढून घेतली. मग चार महिन्यांत पुन्हा पिवळा पडला यात नवल नाही.

१०० वॅटच्या बल्बचंही उत्तर इथेच मिळतं. गढूळ थरातून जाताना प्रकाश सरळ न जाता चहूकडे विखुरतो. बल्ब मोठा केला की विखुरणंही वाढतं. रस्त्यावर उजेड पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत मात्र जातो. पाऊस असेल तर थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परत येतो. वर उष्णता वाढते ती वेगळी. बल्बचा होल्डर वितळायला लागला होता, हे तो काढला तेव्हा कळलं.

एक गोंधळ दूर करते. 'पिवळा प्रकाश धुक्यात बरा, मग पिवळा दिवा वाईट कसा?' असं मला काहींनी विचारलं. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत हेडलाइटचा प्रकाश पिवळा असणं बंधनकारक होतं. पण तो स्वच्छ गाळणीतून आलेला पिवळा प्रकाश होता, त्याचा झोत शाबूत होता. आपल्या जुन्या दिव्याचा प्रश्न रंगाचा कमी आणि गढूळपणाचा जास्त आहे. दिसायला सारखं म्हणजे कारणाने सारखं नव्हे.

आकडा वापरताना

उजेड किती कमी होतो? अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८ मध्ये चाचणी केली. त्यांना आढळलं की खराब झालेले जुने दिवे नव्या दिव्याच्या तुलनेत सुमारे २२ टक्केच प्रकाश देत होते. घासून लेप दिल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला.

आकडा धक्कादायक आहे आणि प्रबंधात घालायचा मोह होतो. पण ही चाचणी मोजक्याच मॉडेलांवर झाली आणि ती अमेरिकी गाड्यांवर. मालवणच्या प्रत्येक जुन्या गाडीचा उजेड २२ टक्के आहे, असं तुम्ही लिहू शकत नाही. 'घट मोठी असू शकते आणि दुरुस्तीने बरीच भरून निघते, पण पूर्ण नाही,' इतकं लिहू शकता. आकड्याला जितकं पेलवतं तितकंच त्याच्यावर लादा.

बदलायचा की वाचवायचा?

आता प्रत्यक्ष काय केलं ते. आधी गढूळपणा बाहेर आहे की आत, ते पाहिलं. ओलं बोट फिरवल्यावर क्षणभर पारदर्शक दिसलं तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा. डावा दिवा असा होता. उजव्याच्या आत पाणी शिरून रिफ्लेक्टर डागाळला होता आणि प्लॅस्टिकवर आतून बारीक तडे होते. तो घासून उपयोग नव्हता.

उजवा बदलायचा ठरला आणि तेव्हा इतिहास खिशाला लागला. मेस्त्रीकाका म्हणतात की पूर्वी गोल काच कुठल्याही दुकानात मिळायची, जीपची असो की टेम्पोची. आता प्रत्येक मॉडेलचा दिवा वेगळा, डावा-उजवा वेगळा आणि पुढचं प्लॅस्टिक मागच्या डब्याला चिकटवलेलं, म्हणून अख्खा संच घ्यावा लागतो. आमचं मॉडेल तर बंद झालेलं. कोल्हापूरहून मागवायला तीन आठवडे गेले. सुंदर, वळणदार दिव्याची किंमत पहिल्या मालकाने शोरूममध्ये भरली नाही, ती जुनी गाडी चालवणारा आता भरतो. गावाकडे जुन्या गाड्याच जास्त असतात. म्हणूनच असलेला दिवा वाचवणं ही इथे हौस नसून गरज आहे.

डावा दिवा काकांनी वाचवला. कडेच्या रंगाला चिकटपट्टी लावली. पाणी मारत आधी ८०० नंबरचा, मग १५००, मग २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. एका वेळी आडवा, पुढच्या वेळी उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मग कंपाउंडने चमकवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप दिला. ज्याला लेप जमत नाही त्याने किमान हेडलाइटसाठीची पारदर्शक संरक्षक फिल्म लावावी. हा टप्पा गाळला तर आधीची सगळी मेहनत माझ्या टूथपेस्टसारखी वाया.

नवा दिवा बसवल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस लावून घेतला. हे विसरू नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार झोत खाली वळलेला आणि समोरच्याला न दिपवणारा असावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासून पुढे पाच वर्षांसाठी वाढवतात, तेव्हाही दिवे बघितले जातात. १०० वॅटचा बल्ब अर्थात काढून टाकला.

काय करू नये तेही सांगते. रॉकेल, पेट्रोल, थिनर दिव्यावर लावू नका, त्याने पॉलिकार्बोनेटला तडे जातात. डास पळवणारा फवारा मारून पुसण्याची युक्ती फिरत असते. त्यातलं डीट प्लॅस्टिक मऊ करून वरचा थर विरघळवतं, म्हणून क्षणभर चमक येते. कोरड्या फडक्याने वाळू पुसू नका, आधी पाण्याने धुवा. आणि गाडीचं नाक सावलीकडे करा. बाबा आता तोंड फणसाकडे करूनच गाडी लावतात.

तुमच्या वहीसाठी

या सगळ्यातून संशोधनासाठी मी जे घेतलं ते एवढंच. सगळ्यांना पटलेलं कारण आधी बाजूला काढा, आमच्या खाऱ्या हवेसारखं. जिथे ते कारण आहे पण परिणाम नाही, अशी 'जीप' शोधा. शब्दाखाली वस्तू कोणती आहे ते बघा. आणि विचारा, ही अडचण नव्हती असा काळ कोणता होता? तो काळ आणि आजचा काळ यांच्या मध्ये कुठेतरी तुमचा विषय सापडेल.

आणखी एक, स्वतःच्या चुकीतून शिकलेलं. मेमध्ये दिवे घासण्याआधी मी फोटो काढला नाही. उजवा आणि डावा यांच्यातला मूळ फरक किती होता हे आता मला नेमकं सांगता येत नाही. माझा पुरावा फडक्याला लागून मोरीत गेला. कागद असो, भांडं असो की गाडीचा दिवा, साफ करण्याआधी नोंद करा.

दिवाळीत बाबा मला न्यायला रात्री कुडाळला आले. चौक्याजवळ गुरं होतीच. या वेळी ती बऱ्याच लांबून दिसली.